एकत्र जमण्याची जागा

गाद्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असणं म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगावं लागतं. लोक आधी हसतात. गादीवर पडून कुणाला काय लागणार, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि इतरांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते साडू बोलून दाखवतो. मग त्यांना सांगावं लागतं, की फोम पेटला की डोळ्यांदेखत पेटतो, धूर त्याहून वाईट असतो, आणि म्हणून त्या कारखान्यात माणसांनी वेळेवर बाहेर पडणं हीच सगळ्यात मोठी सुरक्षा. शिट्टी वाजली की हातातलं काम टाकायचं, ठरलेल्या दाराने निघायचं, आवारातल्या हिरव्या पाटीखाली जमायचं आणि डोकी मोजायची. मागे वळायचं नाही. डबा राहिला, चष्मा राहिला, बढतीचा कागद राहिला, तरी वळायचं नाही. या एका नियमावर आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याची अख्खी नोकरी उभी होती आणि ती उत्तम चालली होती, कारण कारखान्याला आजवर कधी आग लागली नव्हती.

सासरी तो थोरला जावई. धाकटा जावई दातांचा डॉक्टर. साडू हे नातंच मुळात विचित्र. ना रक्ताचं, ना मैत्रीचं. दोन परक्या पुरुषांना एकाच घराच्या सोफ्यावर बसवायचं आणि वर्षानुवर्षं आपसात तुलना करू द्यायची, एवढाच त्या नात्याचा उद्योग. त्यातून हा डॉक्टर बोलका. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देईल ही अपेक्षाच त्याने सोडून दिलेली. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात तो विचारायचा, "काय साडूभाऊ, या आठवड्यात किती जण गादीवरून घसरले?" आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

या साडूपासून लपवावी अशी सुरक्षा अधिकाऱ्याकडे एकच गोष्ट होती. त्याला रक्त बघवत नसे. बघवत नसे म्हणजे जीव हळहळत असे वगैरे नव्हे. रक्त दिसलं की कानात भुंगा सुरू व्हायचा, कडेकडेने अंधारून यायचं आणि पुढचं त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागायचं. प्रथमोपचाराच्या परीक्षेत तो पहिला आला होता, पण तिथे रक्त म्हणून लाल रंग वापरत, आणि लाल रंगाचं त्याला काही वाटत नसे. लग्नानंतर एकदा बायकोचं बोट विळीवर कापलं, तेव्हा त्याने दाराआडून तिला बिनचूक सूचना दिल्या. हात वर धर, स्वच्छ फडका घे, दाब, सोडू नको. तिने सगळं केलं, बोट बांधलं, आणि बाहेर येऊन पाहते तो नवरा पॅसेजमध्ये आडवा. तेव्हापासून ही गोष्ट फक्त तिला माहीत होती. आपल्या सख्ख्या बहिणीला तिने न सांगितलेली आयुष्यातली ही एकमेव गोष्ट असावी.

डोंगरावर सायकल चालवायचं खूळ आणलं ते डॉक्टरनेच. आधी तो एकटा जायचा, मग त्याच्याकडे दात भरायला येणाऱ्या भूगोलाच्या बाई यायला लागल्या, मग बाईंना पाव देणारा बेकरीवाला. सुरक्षा अधिकाऱ्याचं पोट पट्ट्याबाहेर डोकावू लागलं तेव्हा दोन्ही बहिणींनी परस्पर ठरवून त्यालाही त्यात ढकललं. शहराबाहेरच्या डोंगरावर वनखात्याने सायकलींसाठी वाटा आखल्या होत्या. पायथ्याशी गेट, गेटजवळ पहारेकऱ्याची खोली, शेजारी डोंगराचा मोठा नकाशा रंगवलेला फलक, आणि वाटेवर जागोजागी आकडे टाकलेले खांब.

पहिल्याच रविवारी त्याने जे पाहिलं त्याने त्याची झोप उडाली. बाईंच्या हेल्मेटचा पट्टा गळ्यात माळेसारखा लोंबत होता. बेकरीवाल्याचा मागचा ब्रेक नुसता नावाला होता. तो म्हणाला, उतारावर पाय टेकवतो की. कोण कुठल्या वाटेने जातंय आणि कधी परतणार, हे कुणीच घरी सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टर, जो डॉक्टर होता, त्याच्याकडे साधी चिकटपट्टी नव्हती. "अहो, दात पडला तर मी आहे ना," तो म्हणाला.

पुढच्या रविवारपासून कारभार थोरल्या जावयाच्या हाती गेला. गेटवर प्रत्येक सायकलची तपासणी व्हायची. चाकं घट्ट आहेत का, टायरला चिरा आहेत का, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून चाक थांबतं का. हेल्मेटच्या पट्ट्यात हनुवटीखाली दोनच बोटं मावली पाहिजेत, यावरून बेकरीवाल्याशी वाद झाला, कारण बेकरीवाल्याची बोटं कणीक मळून इतरांच्या दीडपट झाली होती. मग त्याने कामं वाटून दिली. कुणाला लागलं तर मलमपट्टी डॉक्टर करणार. नकाशा आणि फोन बाईंकडे. बेकरीवाला ताकदीचा, म्हणून त्याने गेटपर्यंत जाऊन मदतीच्या लोकांना वर आणायचं.

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"एकूण नियंत्रण."

"म्हणजे करायचं काय असतं त्यात?"

"नियंत्रण," तो म्हणाला, आणि मलमपट्टीची पिशवी आपल्याच पाठीवर टाकली, कारण डॉक्टर ती घरी विसरला असता.

मलमपट्टी डॉक्टरकडे देण्यामागे त्याचा जो खाजगी हिशेब होता तो अर्थातच त्याने उघड केला नाही. पण त्या दिवसापासून त्याला डोंगर आवडू लागला. कुणीही पडलं तरी आपल्याला फक्त नियंत्रण करायचं आहे, ही भावना माणसाला फार हलकं करते.

सराव तर हवाच. सराव कसा घ्यायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गळ्यात शिट्टी होतीच. तो गेटवर उभा राहायचा, बाकीचे वर गेलेले असायचे, आणि मध्येच कधीतरी तो शिट्टी फुंकायचा. शिट्टी ऐकली की असाल तिथून निघायचं, फलकाखाली जमायचं, डोकी मोजायची, मागे वळायचं नाही. कारखान्यात हे असंच चालायचं. तिथेही शिट्टी फुंकणारा कायम बाहेर उभा असायचा, हातात घड्याळ घेऊन. त्यामुळे शिट्टी फुंकणारा आतच असला तर काय, हा प्रश्न कारखान्यात कधी कुणाला पडला नव्हता आणि डोंगरावर तो त्यालाही पडला नाही. काही रविवारांतच मंडळी इतकी तयार झाली, की शिट्टी वाजताच बेकरीवाला हातातलं केळं अर्धवट टाकून उताराला लागायचा. त्याबद्दल त्याचं सर्वांसमोर कौतुक झालं होतं.

ज्या रविवारी ते घडलं, त्या दिवशी वाट कोरडी होती आणि तिच्यावर वाळलेला पाला पसरला होता. पाल्याखाली दगड असतात, हे सुरक्षा अधिकाऱ्याने गेटवर सांगितलं. डॉक्टरने ते सर्वांच्या वतीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उतरताना बाई पुढे, त्यांच्यामागे बेकरीवाला, मग डॉक्टर आणि सगळ्यात शेवटी सुरक्षा अधिकारी, कारण शेवटच्या माणसाने कुणी मागे राहिलं नाही ना हे पाहायचं असतं. घळीत उतरण्याआधी डॉक्टर फोटो काढायला थांबला, म्हणून तोही थांबला. पुढचे दोघं वळणाआड गेले. फोटो मनासारखा येईना. आला तेव्हा डॉक्टरला पुढच्यांना गाठायची घाई झाली.

घळीतल्या दगडी पायऱ्यांवर त्याचं पुढचं चाक पाल्याखालच्या दोन दगडांत अडकलं. सायकल जागच्या जागी थांबली, डॉक्टर थांबला नाही. तो हँडलवरून पुढे गेला, उजव्या हातावर पडला, आणि मागून आलेली त्याचीच सायकल त्याच्या पायावर आपटून बाजूला कलंडली.

सुरक्षा अधिकारी उतरला. आपली सायकल वाटेच्या वरच्या अंगाला आडवी टाकली, म्हणजे मागून कुणी आलंच तर थांबेल. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. डॉक्टरजवळ गुडघ्यावर बसत त्याने हेल्मेटला हात लावायचा नाही असं बजावलं आणि मानेत काही दुखतंय का विचारलं. डॉक्टर दातांवर दात दाबून म्हणाला, मान ठीक आहे, डोकं आपटलं नाही, पायांची बोटं हलताहेत. मनगट मात्र गेलं. आणि पोटरीला काहीतरी झालंय, तिथे गरम लागतंय, ते जरा बघा.

बघा म्हणाला. सुरक्षा अधिकाऱ्याच्या नजरेला ओझरता एक मोजा दिसला, जो गेटवर पांढरा होता. त्याने नजर वर उचलून समोरच्या झाडावर नेऊन ठेवली आणि गळ्यातली शिट्टी तोंडात घातली.

शिट्टीचा आवाज घळीत छान घुमला. खालून लगेच प्रतिसाद आला. चेन खडखडल्याचा, ब्रेक कुरकुरल्याचा, दगडांवरून चाकं गेल्याचा. तो आवाज मग बारीक होत गेला. त्याने पुन्हा शिट्टी फुंकली. आवाज आणखी झपाट्याने लांब गेला. इतकं शिस्तबद्ध पालन त्याने कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

"कुठे चाललेत ते?" डॉक्टरने विचारलं.

"गेटवर."

"गेटवर कशाला?"

"शिट्टी वाजली म्हणून."

"तर मग ती वाजवू नका आता. दर शिट्टीला लांब चाललेत."

फोनला घळीत रेंज नव्हती. रेंज डोंगराच्या वरच्या खांद्यावर होती, पण तिथवर जायचं म्हणजे डॉक्टरला त्या पायासकट एकटं टाकून जायचं. गेटवर डोकी मोजली जातील, दोन कमी भरतील, मग कुणीतरी काहीतरी करेल. फक्त त्या कुणीतरीने काय करायचं, हे शिकवायचं राहिलं होतं. मागे वळायचं नाही, एवढंच शिकवलं होतं, आणि ते पक्कं बसलं होतं.

त्याने पाठीवरची पिशवी उघडली. आतलं सगळं नीट लावलेलं होतं. जाड घडीची पट्टी वेष्टनातून काढून, मान वळवून, हात लांब करून त्याने ती डॉक्टरकडे दिली. डॉक्टरने डावा हात पुढे करून पोटरीकडे वळायचा प्रयत्न केला. जखम मागच्या बाजूला होती. वळताना उजवं मनगट हललं आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याच्याच दवाखान्यात नेहमी ऐकू येत असावा. पट्टी पाल्यात पडली.

"मला जमणार नाही. तुम्ही दाबा."

सुरक्षा अधिकारी झाडाकडे बघत राहिला. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिला. घामेजलेलं कपाळ, ओठांचा उडालेला रंग, खोल न जाणारा श्वास. असे चेहरे डॉक्टर रोज बघत असे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"रक्त."

लपवायला आता जागा नव्हती. "पहिल्यापासून," तो म्हणाला.

"आणि नोकरी ही?"

"गाद्यांच्या कारखान्यात आहे."

ज्या हसण्याची तो इतकी वर्षं धास्ती घेऊन होता, ते आलं नाही. कदाचित मनगट हललं असतं म्हणून. डॉक्टरने आवाज खाली आणला. दवाखान्यातला त्याचा हा आवाज घरच्यांनी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, की असे लोक माझ्या खुर्चीत दर आठवड्याला येतात, त्यात एक कुस्तीगीरही आहे. रक्त बघून तुमचं बीपी पडतं, दुसरं काही नाही. आधी नीट मांडी ठोकून बसा. असे कोसळलात तर इथे दोन जखमी होतील आणि नियंत्रण करायला कुणी उरणार नाही. आता मांड्या आवळा. पोट आवळा. कुणी तुम्हाला ढकलतंय आणि तुम्ही हलत नाही, असं समजा. नवीन पट्टी घ्या. माझ्या तोंडाकडे बघा, खाली बघू नका. हात माझ्या पायावरून सरकवत न्या.

"आता दाबा. तळहाताने, अंगाचा भार देऊन. जितकं दाबाल तितकं तुमचं अंग आवळलेलं राहील. म्हणजे माझं रक्त थांबेल आणि तुम्हाला चक्कर येणार नाही. एका कामात दोघांची सोय."

"दुखेल तुम्हाला?"

"दुखेल. थोडं दुखेल असं मी रोज सांगतो, ते खोटं असतं."

त्याने दाबलं. हाताखाली गरम, ओलं काहीतरी होतं. ते काय आहे याचा विचार करायचा नाही असं ठरवून तो डॉक्टरच्या नाकाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने हे नाक नीट पाहिलं नव्हतं. थोडं डावीकडे झुकलेलं होतं. डॉक्टर म्हणाला बोलत राहा, मग तो बोलत राहिला. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने कारखान्याची अग्निसुरक्षेची सूचना पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर मध्येच विचारायचा, बाहेर जायची दारं आतल्या बाजूला उघडतात की बाहेरच्या? बाहेरच्या, तो सांगायचा. का? गर्दी दाराला टेकली तरी दार उघडलं पाहिजे म्हणून. बरोबर, डॉक्टर म्हणायचा, दाबून धरा. मध्येच डॉक्टर स्वतःशीच पुटपुटला, की दातांच्या डॉक्टरला फाडलं कुणी, तर चेनच्या चक्राच्या दात्यांनी. हे कुणाला सांगायचं नाही. नाहीतर लोक हसून हसून कवळ्या गिळतील.

हाताखालची पट्टी भिजल्याचं त्याला न बघता कळलं. पहिली पट्टी उचलायची नाही, तिच्यावरच दुसरी ठेवायची, हे परीक्षेतल्या उत्तरासारखं आपोआप आठवलं. एका हाताने दाब तसाच ठेवून, दुसऱ्या हाताने आणि दातांनी त्याने वेष्टन फाडलं. मग वरून लांब पट्टी गुंडाळली. चाचपत, फेऱ्यावर फेरा, घट्ट. डॉक्टरने बोटं हलवून दाखवली, म्हणाला मुंग्या नाहीत, एवढं घट्ट ठीक आहे.

"आता एकदा बघायला लागेल," डॉक्टर म्हणाला. "वरच्या पट्टीतून झिरपतंय का ते. मला इथून दिसत नाही. मांड्या आवळलेल्या आहेत ना?"

"आहेत."

"मग बघा. एकच नजर. आणि मला सांगा."

तो खाली वळला. पाय दिसला, पट्टी दिसली, पट्टीच्या कडेने मोज्यापर्यंत गेलेला, आता काळपट झालेला ओघळ दिसला. आणि आपले हात दिसले, ते त्याच्या हिशेबात नव्हते. कानात भुंगा सुरू झाला. घळीच्या कडा आत सरकू लागल्या. तो समोरच्या पायाला नव्हे, जणू अख्ख्या डोंगराला मागे रेटावं तसा दाबत राहिला. कडा तिथेच थांबल्या. दोन्ही हातांच्या मध्ये, पट्टीच्या मधोमध रुपयाएवढा डाग होता. तो किती वाढतो हे पाहायला हवं होतं, म्हणून तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. डाग तेवढाच राहिला.

"झिरपत नाही," तो म्हणाला, तळहात पुन्हा डागावर दाबला आणि नजर डॉक्टरच्या नाकावर आणून ठेवली.

बाई आल्या त्या सायकल ढकलत, धापा टाकत. गेटवर काय झालं ते त्यांनी एका दमात सांगितलं. फलकाखाली दोघं जमले. डोकी मोजली. दोनच भरली. बेकरीवाला म्हणाला थांबायचं, मागे वळायचं नाही असा नियम आहे, आणि त्याने बाईंच्या सायकलचं हँडल धरून ठेवलं. बाई म्हणाल्या, नियम आगीसाठी आहे, डोंगराला आग लागलेली नाही, डोंगरात दगड आहेत. त्यावर बेकरीवाला म्हणाला, तसं साहेबांनी कधी सांगितलं नाही. शेवटी बाईंनी पहारेकऱ्याला घळीआधीच्या खांबाचा आकडा दिला, बचाव पथकाला फोन करायला लावला, आणि पहारेकऱ्याच्या देखत बेकरीवाल्याला शाळेतल्या आवाजात खाली बसायला सांगितलं. तो बसला. बाई निघाल्या.

"मी नियम मोडलाय," त्या म्हणाल्या. "काय कारवाई करायची ती करा." मग त्यांना त्याचे हात दिसले, आणि त्या पुढे झाल्या. "सरका, मी धरते."

डॉक्टरने डोळे उघडले. "राहू द्या बाई. त्यांचा हात चांगला बसलाय. काढलात तर पुन्हा बसवावा लागेल."

बचाव पथकाने डॉक्टरला स्ट्रेचरवर बांधून खाली आणलं. गेटवर बेकरीवाला अजून फलकाखालीच बसलेला होता. स्ट्रेचर दिसल्यावर तो उठला आणि त्याने आधी डोकी मोजली. चार भरल्यावर तो रडला.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात दोन्ही बहिणी आधीच पोचल्या होत्या. आत मनगटाला प्लास्टर आणि पोटरीला टाके घालणं चाललं होतं. मेहुणीने त्याचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली, त्यातलं त्याला फक्त "तुम्ही होतात म्हणून" एवढं ऐकू आलं. त्याची बायको मात्र त्याच्या शर्टाच्या बाह्यांकडे बघत होती. तिने त्याला बाकापाशी नेलं.

"आधी बसा," ती म्हणाली. "मग बाह्यांकडे बघा. नाहीतर नकाच बघू." आणि त्याने बघायच्या आत तिने आपला स्टोल त्याच्या दोन्ही हातांवर टाकला, थंडी वाजणाऱ्या माणसावर टाकावा तसा.

पुढच्या रविवारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमले. थोरला जावई पाटावर बसला खरा, पण नुसता भात कालवत राहिला, कारण डॉक्टर गोष्ट सांगायला लागला होता. गोष्ट त्याने रंगवून सांगितली. शिट्टी, शिट्टीसरशी पळत सुटलेली सेना, दुसरी शिट्टी, आणखी पळालेली सेना. सासरेबुवांना हसून हसून ठसका लागला. सासूबाईंनी पुन्हा शिट्टी वाजवून दाखवायला सांगितली आणि डॉक्टरने ती तोंडाने वाजवून दाखवली. थोरला जावई समोरच्या वाटीकडे बघत होता. आता येणार, आता येणार.

"मग यांनी पाय दाबून धरला," डॉक्टर म्हणाला, "मदत येईपर्यंत सोडला नाही. जरा मीठ देता का इकडे?"

एवढ्यावर गोष्ट संपली.

हात धुताना मोरीपाशी दोघंच होते तेव्हा थोरल्याने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. डॉक्टरने डाव्या हाताने नळ बंद केला. म्हणाला, इथे सांगायची गरज नाही, इथे कुणी पडत नाही. पण बाईंना आणि बेकरीवाल्याला माहीत असायला हवं. उद्या बाई पडल्या आणि तुम्ही एकटे असाल तर बाईंना कळायला हवं की आधी तुम्हाला बसवायचं. हे मी सांगणार नाही. ते तुम्हीच बघा. आणि प्लास्टर निघाल्यावर शनिवारी दवाखान्यात येत चला. रक्त थोडं असतं, उजेड भरपूर असतो आणि पडलात तर खाली गालिचा आहे.

डोंगरावरचे नियम बदलले. शिट्टीच्या सहा छोट्या फुंकरी आणि मग थांबायचं, याचा अर्थ आवाजाकडे या. बेकरीवाल्याने याचा सराव मनापासून केला, पण आपण त्या दिवशी चुकलो हे तो मान्य करायला तयार नव्हता. त्याच्या मते नियम पाळणाऱ्याची चूक होत नाही, चूक झालीच तर नियमाची. सुरक्षा अधिकाऱ्याने ते मान्य केलं. बेकरीवाल्याला याचं नवल वाटलं, कारण साहेब पहिल्यांदाच काहीतरी मान्य करत होते. कामंही वाटून द्यायची नाहीत असं ठरलं. मलमपट्टी प्रत्येकाने आपापल्या पाठीवर न्यायची आणि सगळ्यांनी सगळं करायला शिकायचं. बाईंनी विचारलं, नियंत्रणसुद्धा? तो म्हणाला, नियंत्रण रद्द. पण ती दुसरी, रक्ताची गोष्ट सांगायला मात्र त्याला तोंड उघडवेना. प्रत्येक रविवारी गेटवर तो हेल्मेटचे पट्टे तपासताना मनात वाक्य जुळवायचा आणि ब्रेकपर्यंत येऊन सोडून द्यायचा.

मग बेकरीवाल्याची दाढ काढायची वेळ आली.

शनिवार होता. डॉक्टरचं मनगट बरं झालं होतं. सुरक्षा अधिकारी आधीचे दोन शनिवार दवाखान्यात येऊन दाराजवळ उभा राहून गेला होता. या वेळी मदतनीस मुलगी सुट्टीवर होती आणि डॉक्टरने त्याच्या हातात तोंडातलं पाणी ओढणारी नळी दिली. खुर्चीत आडवा झालेल्या बेकरीवाल्याने त्याला पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं ठेवायला सांगण्यात आलं.

दाढ हट्टी होती. डॉक्टर तिच्याशी बोलत होता, बेकरीवाल्याशी बोलत होता, सासरेबुवांच्या ठसक्याबद्दल बोलत होता. सुरक्षा अधिकारी नळी धरून होता आणि नळी जिथे आहे तिथे बघत होता, कारण न बघता नळी धरता येत नाही. त्याने मांड्या आवळल्या. दाढ निघाली. खड्डा भरून आला, नळी गुरगुरली आणि नळीतून लाल रेघ वर सरकली. कानात भुंगा सुरू झाला. आवळलेल्या मांड्या थरथरू लागल्या. आज कडा थांबेनात.

"मी आता खाली बसणार आहे," तो मोठ्याने म्हणाला. "मला रक्त बघून चक्कर येते. पहिल्यापासून येते."

"बसा," डॉक्टर मागे न बघता म्हणाला.

बेकरीवाल्याला हसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, मान हलवायची मनाई होती. त्याने डोळे तिरके करून पाहिलं, आणि खुर्चीच्या पायथ्याशी असलेलं स्टूल पायाने ढकलत त्याच्या बाजूला सरकवलं. सुरक्षा अधिकारी स्टुलावर बसला, डोकं गुडघ्यांकडे झुकवलं, आणि हात वर उंच धरून नळी होती तिथेच ठेवली.

"थोडी डावीकडे," डॉक्टर म्हणाला. त्याने ती न बघता थोडी डावीकडे केली.